हॉटेलं उघडली म्हणून घर घेताय? आधी त्यांच्या मागच्या दारी जा

घर बघायला माझा भाचा अंबडहून आमच्याकडं, छत्रपती संभाजीनगरच्या देवळाईला आला, तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. बीड बायपासच्या दोन्ही अंगाला दिवे लागलेले. एका फॅमिली रेस्टॉरंटबाहेर माणसं नंबर लावून उभी, पलीकडं डोसा सेंटर, त्याला लागून कुल्फीची गाडी, मधल्या मोकळ्या जागेत लेकरांचा मिकी माऊस. गाडीवरून उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "मावशी, एरिया चालू झाला की गं! आता वेळ लावायला नको." दुसऱ्या दिवशी साईटवर जाऊन टोकन द्यायची त्याची पूर्ण तयारी होती.

त्याचा आनंद मला कळत होता. २०१६ साली आम्ही इथं राहायला आलो तेव्हा दुधाची पिशवी आणायला गारखेड्याकडं जावं लागायचं. रात्री आठनंतर गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी नसायचं. पहिलं नाश्ता सेंटर सुरू झालं त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधले सगळे पोहे खायला गेले होते, भूक होती म्हणून नव्हे, आपल्याकडं काहीतरी सुरू झालं म्हणून. हॉटेल आलं की रस्त्यावर उजेड येतो. क्लासवरून सायकलवर येणाऱ्या मुलीला चार माणसं दिसतात. पाहुणे अचानक आले तरी घरातली बाई रडकुंडीला येत नाही. शिवाय ज्योतीनगर, उल्कानगरीतली माणसं जेवायला म्हणून इकडं येतात, हात धुता धुता समोरचं होर्डिंग वाचतात आणि पुढच्या रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला येतात. वस्ती अशीच वाढते, आमचीही अशीच वाढली.

पण त्या रात्री मी भाच्याला टोकन देऊ दिलं नाही. हॉटेलवाल्याचा गाळा भाड्याचा असतो. धंदा नाही जमला तर तो फ्रीज आणि टेबलं टेम्पोत घालून दुसरीकडं जातो. तुमच्या डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज असतं. म्हणून हॉटेलं बघायची ती नीट, मागून-पुढून बघायची. जालना, बीड, परभणीकडून पहिल्यांदाच शहराच्या कडेला घर घेणाऱ्यांसाठी मी हे क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं जास्त छत्रपती संभाजीनगरची आहेत, कारण मी इथं राहते. लातूर-नांदेडलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली पायरी : हॉटेल कुणाच्या जिवावर चालतं ते ओळखा

सगळी हॉटेलं एक नसतात. रस्त्यावर चालणारं हॉटेल वेगळं आणि वस्तीवर चालणारं वेगळं.

बीड बायपासवर पूर्वी ढाबे होते ते ट्रकवाल्यांचे. सोलापूर-धुळे महामार्गाची जड वाहनं इथूनच जायची. ती वाहतूक बाहेरच्या नवीन रस्त्यानं वळली, बायपास रुंद झाला, उड्डाणपूल झाले आणि ढाब्यांचं गिऱ्हाईक बदललं. बाज जाऊन सोफे आले. तरीही अशा मोठ्या हॉटेलांचं बरंचसं गिऱ्हाईक गाडीतून येतं, जेवतं आणि निघून जातं. पार्किंगमधल्या चाळीस गाड्यांपैकी आसपास राहणाऱ्यांच्या किती, हे तिथल्या वॉचमनला विचारा. तो बरोबर सांगतो.

वाळूजकडं बजाजनगरला गेलात तर हॉटेलांच्या वेळा बघा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये तिथं सुरू झाला आणि त्याच्यामागं कामगारांची अख्खी वस्ती उभी राहिली. शिफ्ट सुटते तेव्हा वडापाव, भजी, चहा. शिफ्ट भरते तेव्हा पुन्हा तेच. अशा ठिकाणी घर भाड्यानं द्यायला कधी अडचण पडत नाही, पण तुमची म्हातारी आई दुपारी झोपणार असेल तर खिडकी कोणत्या बाजूला आहे ते बघून घ्या. लातूरच्या ट्युशन एरियात मेस आणि चहाची दुकानं पावलोपावली आहेत, ती सगळी नीट-जेईईच्या पोरांवर. सुट्या लागल्या, पोरं गावी गेली की तिथली कढई थंड. तिथली गर्दी खरी असते, पण वर्षाचे काही महिनेच.

आणि काही दुकानं अशी असतात की ती फक्त शेजाऱ्यांवर जगतात. सकाळी सहाला उघडणारी दूध डेअरी. पिठाची गिरणी. इस्त्रीवाला. साडेसातला शाळेच्या डब्याआधी पोहे-उपमा देणारी बाई. किराणा दुकान, तेही उधारीची वही असलेलं. उधारीची वही म्हणजे दुकानदाराला ही माणसं पुढच्या महिन्यातही इथंच असतील याची खात्री आहे. मला विचाराल तर दहा रेस्टॉरंटांपेक्षा एक गिरणी मोठी. गिरणी चालायला रोज दळणारी घरं लागतात, आणि ज्वारी दळायला कुणी गाडी काढून दुसऱ्या टोकाला जात नाही.

भाच्याला मी हेच करायला लावलं. साईटपासून पायी दहा मिनिटांच्या आत काय काय आहे ते कागदावर लिहून काढ म्हटलं. हॉटेलं सहा निघाली, दूध डेअरी एक, औषधाचं दुकान एक, गिरणी नाही, डॉक्टर नाही. तो जरा गप्प झाला.

दुसरी पायरी : मागच्या दारी जाऊन पाणी विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आपल्याकडं घराची खरी सुविधा पाणी आहे. क्लब हाऊस, जिम, स्विमिंग पूल सगळं नंतर. संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं. नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, भरलेला असला तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, कित्येक वर्षं दिवसाआड नव्हे तर कित्येक दिवसांआड येत आलंय. नवीन पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झालं. बिल्डरचा माणूस तुम्हाला या योजनेबद्दल अगदी उत्साहानं सांगेल. तुम्ही त्याला तीन गोष्टी विचारायच्या: आपल्या गल्लीत वितरणाची पाईप पडली का, आपलं पाणी कोणत्या जलकुंभातून येणार, आणि या बिल्डिंगच्या नळ कनेक्शनची पावती कुठं आहे. पावती असेल तर दाखवा म्हणावं. "येणार आहे" याचं घर घेताना शून्य धरायचं.

आता हॉटेल इथं कसं कामाला येतं ते सांगते. हॉटेलला पाणी लपवता येत नाही. भांडी, भाजी, फरशी, हात धुणं, सगळ्याला पाणी. बिल्डर तुम्हाला बोअरचं कौतुक सांगेल, पण त्याच रस्त्यावरच्या हॉटेलचं पाणी कुठून येतं ते मागच्या दारी उघडं दिसतं. आम्ही दोघं दुपारी तीनच्या सुमाराला, जेवणाची गडबड ओसरल्यावर, त्या नंबर लावायच्या रेस्टॉरंटच्या मागं गेलो. निळी पिंपं रांगेनं लावलेली, एकात टँकरचा जाड पाईप अजून सोडलेला, आणि परातीएवढ्या कढया घासत बसलेले एक मामा.

"मामा, पाणी कुठलं वापरता?" मी विचारलं.

"प्यायला जार, वापरायला टँकर."

"बोअर नाही का?"

"हाय की. मार्चपातूर पुरतं. नंतर हवा येती नुसती."

"आणि मेमध्ये?"

"मेमधी टँकरवाल्याच्या पाया पडावं लागतं, ताई."

एवढं विचारायला दोन मिनिटं लागली. ब्रोशरच्या बावीस पानांत यातलं काही नव्हतं.

आता घरी बसून हिशोब करा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं नियोजनात धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. चोवीस फ्लॅटच्या बिल्डिंगला दिवसाला जवळजवळ तेरा हजार लिटर. दहा हजारांचा एक टँकर आला तरी तो पुरत नाही. काटकसर करून अर्ध्यात भागवलं तरी उन्हाळ्यात तीन दिवसांना दोन टँकर ठरलेले. तुमच्या भागातला टँकरचा दर विचारा, त्याला महिन्याच्या खेपांनी गुणा, फ्लॅटच्या संख्येनं भागा आणि जो आकडा येईल तो कर्जाच्या हप्त्यात मिळवा. हा तुमचा खरा हप्ता.

ज्यांना हे अति वाटतं त्यांनी लातूर आठवावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. हॉटेलं तेव्हाही होती, फ्लॅटही होते.

बोअरबद्दल अजून एक. बिल्डिंगचा बोअर किती फुटांवर आहे हे विचारून फार काही कळत नाही. मागच्या मेमध्ये तो रोज किती वेळ चालत होता, ते शेजारच्या जुन्या सोसायटीच्या चेअरमनना विचारा. हे लोक बोलायला कंटाळत नाहीत, पाणी हा त्यांचा रोजचा घोर असतो.

तिसरी पायरी : शनिवारी सोडून इतर वेळी जा

साईट व्हिजिट बहुतेक शनिवार-रविवारी संध्याकाळी ठेवतात. तेव्हा रस्ता सजलेला असतो. तुम्ही मंगळवारी सकाळी साडेसहाला जा. शेअर रिक्षा कुठं थांबते, किती वेळानं मिळते, स्मार्ट सिटी बस येते का, स्कूल बस आत गल्लीत शिरते की पोरांना चौकापर्यंत पायी जावं लागतं, हे त्या वेळेलाच दिसतं. क्रांती चौक किंवा सिडकोला नोकरी असेल तर ऑफिसच्या वेळेत एकदा गाडी चालवून बघा. देवळाई-साताऱ्याहून (सातारा म्हणजे इथली शेजारची वस्ती, जिल्हा नव्हे) शहरात शिरायचं तर रेल्वेरूळ आडवे येतात, तेव्हा संग्रामनगरचा पूल किंवा शिवाजीनगरची बाजू, जे तुम्हाला पडेल तिकडून, घड्याळ लावून जा.

पावसाळ्यात एकदा जाच. सातारा डोंगराच्या पायथ्याला मुरूम लागतो, पण थोडं खाली किंवा चिकलठाणा, पिसादेवीकडं गेलात की काळी माती. डांबरी रस्ता संपून आतल्या प्लॉटकडं वळलात की चप्पल मातीतच राहते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जुन्या कंपाउंडच्या भिंतींना आणि पार्किंगच्या फरशीला तडे आहेत का ते बघा. शेजारची पाच वर्षं जुनी बिल्डिंग बघितली की तुमची पाच वर्षांनी कशी दिसेल ते कळतं. नाला कुठून वाहतो, आणि कुठून वाहत होता पण आता बुजवलाय, हे जुन्या गावकऱ्यांना विचारावं. साताऱ्याच्या खंडोबाच्या देवळाबाहेर हार-बेल-भंडारा विकणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत ना, त्यांना सगळा भूगोल पाठ असतो.

आणि रात्री दहाला बाईमाणसाला घेऊन जा. हॉटेलच्या दिव्यांच्या पलीकडं, तुमच्या बिल्डिंगच्या वळणापर्यंत, पथदिवे लागलेत का? आमच्या वळणावर पहिली तीन वर्षं दिवा नव्हता. शंभर पावलांवर झगमगाट आणि शेवटची शंभर पावलं मोबाईलच्या टॉर्चवर.

चौथी पायरी : हॉटेल जवळ हवं, पण घराखाली नको

बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाळे असले की बिल्डर त्याला सोय म्हणतो. औषधाचं दुकान, स्टेशनरी, बँकेचं एटीएम आलं तर खरंच सोय. हॉटेल आलं तर मात्र तुमचा पहिला मजला गेला.

माझ्या मैत्रिणीनं असाच फ्लॅट घेतला. दोन वर्षं खाली कपड्यांचं दुकान होतं. मग तिथं बिर्याणी आणि चायनीज सुरू झालं. धुराचा पंखा तिच्या बाल्कनीखाली. वाळत घातलेल्या ओढणीला, उशीच्या अभ्र्याला, मुलाच्या युनिफॉर्मला लसणाच्या फोडणीचा वास. रात्री बाराला शटर ओढल्याचा आवाज. चेंबर तुंबायला लागलं ते वेगळंच, कारण हॉटेलचं तेलकट पाणी सोसायटीच्याच सेप्टिक टँकमध्ये सोडलेलं. तक्रारीत तिचं दीड वर्ष गेलं.

म्हणून मंजूर नकाशा मागा आणि तळमजल्यावर काय दाखवलंय ते वाचा. गाळे असतील तर विचारा: हॉटेलला देणार का, चिमणी गच्चीच्या वरपर्यंत नेणार का, ड्रेनेज वेगळं का, सिलिंडर कुठं ठेवणार, गिऱ्हाईकांच्या गाड्या कुठं लागणार. उत्तर लेखी घ्या. मला स्वतःला विचाराल तर रहदारीचं हॉटेल चार-पाचशे पावलांवर असावं. हाक मारल्यावर ऐकू येईल इतकं जवळ नको.

पाचवी पायरी : विक्रीचा भाव आणि घराचं भाडं शेजारी शेजारी ठेवा

नवीन हॉटेलं आली, एखादा मॉल किंवा शाळा येणार असं कळलं की विकणारा ते लगेच भावात घेतो. त्यात वावगं काही नाही, धंदा आहे. पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते तुम्हाला ठाऊक हवं.

सोपी पद्धत अशी. त्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारी तसाच टू बीएचके भाड्यानं किती जातो ते विचारा. भाडेकरू आज जे मिळतंय त्याचेच पैसे देतो: आजचं पाणी, आजची रिक्षा, आजची शाळा. विक्रीचा भाव वर्षात खूप चढला आणि भाडं तिथंच राहिलं असेल, तर हॉटेलांमुळं राहणाऱ्याच्या आयुष्यात अजून फारसा फरक पडलेला नाही. भाडंही चढलं असेल तर वस्ती खरोखर बसतेय.

येणाऱ्या गोष्टींच्या नावावर तर फारच जपून. टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत कारखान्यासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला आणि पैठण रोडला प्लॉटिंगचे बोर्ड वाढले. शेंद्रा-बिडकीनचा पट्टा वाढणार याबद्दल मला शंका नाही, आणि आपल्या पोरांना पुण्याला न जाता काम मिळावं ही मनापासूनची इच्छा आहे. पण कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, आणि वस्तीवर जगणारी हॉटेलं, डेअरी, शाळा त्याच्याही नंतर येतात. तोवर तुम्ही हप्ते भरत असता.

सहावी पायरी : कागद

इथं थोडक्यात सांगते, बाकीचं वकिलाकडून तपासून घ्या. पाच-दहा हजारांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, वाचवायला जाऊ नका.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असणं सक्तीचं आहे. तो होर्डिंगसमोर उभं राहून स्कॅन करा. ताब्याची तारीख, मंजूर नकाशा, विकलेल्या फ्लॅटची संख्या सगळं तिथं येतं. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता आपल्या विषयाचं. ब्रोशरमधलं क्लब हाऊस, बाग, "प्रस्तावित फूड कोर्ट" हे करारनाम्यात तारखेसकट लिहून घ्या. आमच्या वेळी नकाशात हिरव्या रंगाचा मोठा तुकडा दाखवला होता, बाग म्हणून. तिथं आज गाड्या लागतात. खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण त्यासाठी ते ब्रोशर जपून ठेवावं लागतं. मी ठेवलं नव्हतं. तुम्ही ठेवा, होर्डिंगचा फोटोही काढून ठेवा.

चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. मंजूर लेआउटवर ती कुठं आहे ते बघून प्रत्यक्ष तिथं जाऊन उभे राहा.

सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायतीत होतं, मग काही काळ नगर परिषद, मग महापालिकेत आलं. त्यामुळं जुन्या बांधकामांची परवानगी कोणी दिली ते बघावं लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कराचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवरचं, घर स्वस्त मिळतं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं नियमित करायची सोय कायद्यात २०२१ मध्ये झाली, तेव्हा फाईल टाकली एवढ्यावर भागवू नका, नियमित केल्याचं प्रमाणपत्र मागा.

पैशांचं दोन ओळींत. भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. चालू बांधकामाला पाच टक्के, पण ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्रफळ) असलेल्या घराला आपल्यासारख्या शहरात एक टक्का. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. घरातल्या बाईचं नाव लावायचं हे एक कारण झालं, दुसरं मी सांगायला नको.

सातवी पायरी : जमत असेल तर आधी भाड्यानं राहा

घर घ्यायचं ठरलेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं. घरची माणसं म्हणतात, भाड्यात पैसा कशाला घालवायचा. अकरा महिन्यांचा करार म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचं एक वर्ष, एवढं सगळं त्याच भागात राहून कळतं. चुकलं तर पेट्या उचलायच्या.

भाच्याला हे पटवायला मला दोन संध्याकाळ लागल्या. शेवटी त्याच्या बायकोनंच निकाल लावला. ती म्हणाली, "मावशी, मला हॉटेलात महिन्यातून एकदा जायचंय, धुणं रोज आहे." जानेवारीपासून ते त्याच रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात. खालून टँकरचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनानं गोल करते. फेब्रुवारीत चार गोल होते, मार्चमध्ये नऊ झाले. परवा गेले तेव्हा एप्रिलचं पान भिंतीवर होतं, आणि दोघं त्या साईटऐवजी अलीकडच्या गल्लीतल्या जुन्या बिल्डिंगमधला एक रिसेलचा फ्लॅट बघून आले होते. तिथं नळाची पावती आहे म्हणे. आणि कोपऱ्यावर गिरणी आहे.